कोड वाचणारी नजर

वाचताना डोळे ओळीवरून सरकत जात नाहीत. ते उड्या मारतात आणि मध्ये साधारण पाव सेकंद थबकतात. १९ व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्याकडे हे निरीक्षण झालं. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडमंड ह्यूई यांनी वाचणाऱ्याच्या बुबुळावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी बसवली. पाहण्यासाठी वाटीला मधोमध भोक होतं आणि तिला ॲल्युमिनियमची काडी जोडलेली होती. डोळा हलला की काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. त्या वाचकांच्या सोसण्याचं मला फार अप्रूप वाटतं. आज हेच काम स्क्रीनखालचा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात करतो.

प्रोग्रॅमरच्या नजरेचा अभ्यास बराच उशिरा सुरू झाला. १९९० मध्ये हवाई विद्यापीठातल्या मार्था क्रॉस्बी आणि यान स्टेलोव्स्की यांनी एक अल्गोरिदम, म्हणजे काम करण्याच्या पायऱ्या मांडणारा कोड, वाचायला दिला. नवखे कॉमेंट्सपाशी, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपांपाशी, रेंगाळले, तर सरावलेले गुंतागुंतीच्या ओळींवर थांबले. २००६ मध्ये जपानमध्ये उवानो आणि सहकाऱ्यांनी कोडमधल्या चुका शोधणाऱ्यांना पाहिलं. पहिल्या ३० टक्के वेळात त्यांची नजर सरासरी ७२.८ टक्के ओळींवरून फिरून आली होती. ज्यांनी ही पहिली फेरी घाईत उरकली, त्यांना चूक सापडायला जास्त वेळ लागला.

कोड गोष्टीसारखा वरून खाली चालत नाही. अनेकदा तळाशी फंक्शनला, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याला, हाक मारलेली असते आणि त्याची व्याख्या वर असते, त्यामुळे नजरेला खालून वर जाऊन परत यावं लागतं. २०१५ मध्ये टेरेसा बुस्यान आणि सहकाऱ्यांनी १४ नवशिके आणि ६ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले. नवशिक्यांनीही कोड साध्या मजकुरापेक्षा कमी सरळ वाचला, आणि अनुभवी लोकांनी त्याहूनही कमी.

यावरून नजर पाहून कौशल्य जोखता येईल अशी आशा वाढली. पण २०२० मध्ये पाइटेक, सीगमुंड आणि आपेल यांच्या प्रयोगात वाचनाचा क्रम ठरला तो मुख्यतः कोडच्या मांडणीवरून. अनुभवाचा ठळक परिणाम दिसला नाही. म्हणून केवळ नजरेच्या क्रमावरून नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला गुण देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच सुमारास अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून २१६ जणांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यात प्रत्येकाने दोन छोटे प्रोग्रॅम वाचले आहेत, जावा, पायथन किंवा स्काला या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये, आणि सोबत त्याचा अनुभवही नोंदवलेला आहे.