काळजी की पालकगिरी? सार्वजनिक आरोग्यातली एक नेहमीची गल्लत

'तुमच्याच भल्यासाठी आहे' असं म्हणणारी आरोग्यधोरणं दोन निरनिराळ्या भूमिकांतून येतात. पालकगिरीत हित कशात आहे ते तज्ज्ञ ठरवतात, लोकांनी पाळायचं. काळजीच्या नीतीत ज्याची काळजी घ्यायची त्याचं ऐकून पुढचं ठरतं. तिची मांडणी १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी केली आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक जोन ट्रॉन्टो यांनी ती राजकारणापर्यंत नेली. हेतू दोन्हीकडे चांगलाच, म्हणून गल्लत होते.

क्षयरोगाचंच बघा. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 'डॉट्स' हे उपचारांचं धोरण जगभर नेलं, त्यात गोळ्या कुणाच्या तरी देखत गिळायच्या. पालकगिरीच्या हिशेबात आरोग्यकेंद्राची वेळ ठरलेली आणि न येणारा रुग्ण बेजबाबदार. काळजी घेणारा विचारतो, का आला नाहीत? दिवसाची मजुरी बुडते? गोळ्यांनी मळमळतं? रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाने लघवी नारिंगी होते. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून औषध सोडू शकतो. उत्तर ऐकून वेळ बदलते, जागा बदलते. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संघटनेनेही केंद्रापेक्षा घरी किंवा वस्तीत गोळ्या देण्याला पसंती दिली.

ट्रॉन्टो काळजीचे टप्पे सांगतात: गरज ओळखणं, जबाबदारी घेणं, प्रत्यक्ष काम करणं आणि ज्याची काळजी घेतली त्याचा प्रतिसाद. पालकगिरी तिसऱ्यापाशी थांबते. गोळी गिळली, नोंद झाली, विषय संपला. माझ्या मते सगळा फरक या चौथ्या टप्प्यात आहे.

काळजी म्हणजे मऊपणा मात्र नव्हे. संसर्ग पसरवू शकणाऱ्या रुग्णाला काही काळ वेगळं ठेवावंच लागतं, पण मग त्याच्या घरातल्या मुलांकडे कोण बघणार, हाही धोरणाचाच प्रश्न ठरतो. २०२० मध्ये अनेक देशांतल्या वृद्धाश्रमांत भेटीगाठी बंद झाल्या. संसर्ग रोखण्याचं कारण खरं होतं, तरी कित्येक वृद्ध आपल्या माणसाचा हात हाती न घेताच गेले. ती किंमत निर्णयाच्या वेळीच मोजायला हवी होती. सीटबेल्टच्या सक्तीला एवढा विचार लागत नाही, तिथे पालकगिरी पुरते.

आणखी एक गोष्ट पालकगिरीच्या नजरेत येतच नाही: काळजीची ही कामं करतं कोण? बहुतेक ठिकाणी बायका, तुटपुंज्या मोबदल्यावर. त्यांच्या हातात आणखी एक रजिस्टर द्यायचं आणि मानधन तेवढंच ठेवायचं, अशा धोरणाने जबाबदारी घेतलेली नाही, फक्त खाली ढकललेली आहे.