कोल्ह्याची लाळ आणि गाईचा घसा : न चावता रेबीज होतो का, या प्रश्नाची पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावल-चोपड्याच्या केळी पट्ट्यात उन्हाळा तापला की कोल्हे ठिबकच्या नळ्या चावतात. त्यांना नळीतलं पाणी हवं असतं. सकाळी शेतकरी फुटलेला तुकडा कापतो, जॉइनर बसवतो आणि कचरा अडकला असेल तर नळीला तोंड लावून फुंकर मारतो. मग कुणाच्या तरी मनात येतं, कोल्हा पिसाळलेला असला तर? त्याच शिवारात एखादी गाय चारा-पाणी सोडते, लाळ गाळते, घोगरं हंबरते. घशात काहीतरी अडकलंय असं समजून घरधनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. तिथे मात्र रेबीजची शंका कुणाला येत नाही. पहिल्या प्रसंगात धोका जवळजवळ शून्य आहे. दुसऱ्यात तो खरा आहे, कारण त्या गाईला पंधरा दिवसांपूर्वी किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी कोल्हा चावून गेलेला असू शकतो आणि ते कुणी पाहिलेलंही नसतं. भीती चुकीच्या जागी का बसली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

हा आजार फक्त कुत्र्याचा नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळणाऱ्या प्राण्यांमध्ये कुत्र्याबरोबर कोल्हा, तरस, अस्वल आणि वाघही सांगितले आहेत. पाण्याच्या भीतीला ‘जलत्रास’ हा शब्द तिथलाच. प्राणी चावलेला नसतानाही जलत्रास झालेला माणूस वाचत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. त्या काळी त्यामागचं कारण कळायला मार्ग नव्हता, पण निरीक्षण नोंदवून ठेवलं गेलं.

कारणाचा पहिला धागा १८०४ साली हाती आला. गेऑर्ग गॉटफ्रीड झिंके या जर्मन डॉक्टरने पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ घेऊन निरोगी जनावराच्या जखमेत लावली आणि त्याला रोग झाला. दात लागलाच पाहिजे असं नाही, ओली लाळ आणि उघडी जखम एवढं पुरतं, हे त्यातून दिसलं. आजही संपर्काचा धोका तोलताना पहिला प्रश्न हाच असतो : लाळ ओली होती का, आणि तिला आत शिरायला वाट होती का?

‘ओली’ या शब्दाचं वजन पुढे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामात कळतं. त्याने रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटल्यांत टांगून ठेवले. जसजसे दिवस जात तसतशी त्यांची रोग देण्याची ताकद उतरत गेली आणि साधारण दोन आठवड्यांत ती संपली. ६ जुलै १८८५ पासून जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला याच वाळवलेल्या मज्जारज्जूची टोचणी दिली गेली, आधी सर्वांत जुन्या आणि मग क्रमाने ताज्या. वाळण्याने विष मरतं, हे लसीच्या मुळाशीच होतं.

त्यामागचं कारण नंतर उलगडलं. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबण ते विरघळवतो. स्पिरिट, आयोडीन, कडक ऊन आणि उष्णता यांनी विषाणू निकामी होतो. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात नळीवरची लाळ वाळली की तिच्यातला रेबीज संपला. म्हणून कोल्ह्याने चावलेली नळी, रानडुकराने उकरलेली जमीन, मुंगूस पाणी पिऊन गेलेली टाकी यांसाठी रेबीजची लस लागत नाही. नळी तोंडात मात्र धरू नये, कारण तोंडातून जाणारे दुसरे रोग पुष्कळ आहेत.

मग जुनी माणसं आजही ‘पिसाळलेल्या गाईचं दूध प्यायलं, आता सुया घ्याव्या लागणार’ असं का म्हणतात? ते अज्ञान म्हणून झटकून टाकता येणार नाही. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली आणि कसौलीतच डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरने १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं हीच. किती मिली आणि किती दिवस द्यायची, हे ठरवायला संपर्काचे तीन वर्ग केले होते. सर्वांत सौम्य वर्गात रोज २ मिली, सात दिवस. सर्वांत गंभीर वर्गात रोज १० मिली, चौदा दिवस. सौम्य वर्गात पिसाळलेल्या जनावराचं न उकळलेलं दूध पिणं आणि कच्चं मांस हाताळणं हेही धरलेलं होतं. म्हणजे दुधासाठी सुया घेतल्याची आठवण खोटी नाही, त्या काळचा नियमच तसा होता.

त्या लसीची किंमत मात्र जबर होती. मेंदूच्या ऊतीमुळे काही हजारांत एखाद्याला पक्षाघातासारखा त्रास होई, कधी जीवही जाई. त्यामुळे नुसत्या शंकेवर लस द्यावी की नाही, हा डॉक्टरांपुढचा खरा पेच होता. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आजच्या पेशींवर वाढवलेल्या लसींत तो धोका नाही. २००६ पासून कातडीत ०.१ मिलीची टोचणी दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी द्यायची पद्धत मान्य झाली (० म्हणजे पहिल्या टोचणीचा दिवस). स्नायूत द्यायची तर पाच मात्रा, त्यात १४ वा दिवस वाढतो. लस इतकी निर्धोक झाल्यावर तोलायची बाजू बदलली. खरी शंका असेल तर घेणंच शहाणपणाचं.

जागतिक आरोग्य संघटनेची आजची तीन श्रेणींची मांडणी अशी. अखंड कातडीला हात लागणं किंवा चाटणं, पहिली श्रेणी : धुवा, लस नको. उघड्या कातडीवर दाताची हलकी चिमट, रक्त न येता ओरखडा, दुसरी : लस हवी. रक्त काढणारा चावा, फाटलेल्या कातडीवर किंवा डोळा-ओठ-तोंडात लाळ, तिसरी : लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं), घोड्याचं असेल तर वजनाच्या किलोमागे ४० युनिट, मानवी असेल तर २०. भारतातल्या सूचनांनुसार रानटी प्राण्याचा कुठलाही चावा थेट तिसऱ्या श्रेणीत जातो.

आता गाईच्या घशाकडे परत येऊ. हाताची कातडी अखंड असती तर ती पहिली श्रेणी. पण कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात, नखाजवळची कातडी उकललेली असते, विळ्याची चीर अर्धी भरलेली असते. वर गाईच्या दातांच्या कडा लागतात त्या वेगळ्याच. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुऊन मग स्पिरिट लावावं. जिथे झोंबेल तिथे कातडी फाटलेली आहे. झोंबलं नाही म्हणून ती अखंड आहे असं मात्र समजू नये. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घातलेल्या शेतकऱ्याने डॉक्टरला ‘गाईला लागण झाली असेल’ एवढंच सांगून भागत नाही. ‘तोंडात हात घातला होता, बोटं फाटलेली होती’ हे शब्द सांगावेत, कारण श्रेणी त्यावरच ठरते. त्या गाईचं दूध टाकून द्यावं. आधी उकळून प्यायलेल्या दुधासाठी लस लागत नाही, आणि दुधातून माणसाला रेबीज झाल्याची सिद्ध नोंद नाही.

चावा नसतानाची थोडी उदाहरणं जगात आहेत, आणि ती भीती वाढवतात. टेक्सासच्या फ्रिओ गुहेत लाखो वटवाघळं राहतात. तिथे जाऊन आलेल्या दोन माणसांचा १९५० च्या दशकात मृत्यू झाला, आणि नंतर चाव्यापासून सुरक्षित पिंजऱ्यांत ठेवलेल्या प्राण्यांनाही तिथे रोग झाला. १९७८ पासून डोळ्याच्या बुबुळाच्या प्रत्यारोपणातून, २००४ मध्ये अवयवांतून लागण झाल्याची नोंद आहे. व्हिएतनाममध्ये कुत्री-मांजरं कापणाऱ्यांनाही रोग झाल्याची नोंद आहे. प्रत्येक ठिकाणी विषाणूला वाट मिळाली होती : बंद गुहेतली दाट हवा, प्रत्यारोपणाची ऊती, ताजा मेंदू आणि कापलेला हात. केळीच्या बागेवरून उडणारं वटवाघूळ त्यात बसत नाही. त्याने कुरतडलेलं फळ फेकून द्यावं, पण ते इतर आजारांसाठी. वटवाघूळ हाताने धरलं असेल किंवा ते खोलीत झोपलेल्या माणसाच्या अंगावर सापडलं असेल, तर तो थेट संपर्क. तिथे डॉक्टरांकडे जावं.

आणखी एक गफलत वारंवार होते. कुत्रा-मांजर चावल्यावर प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम आहे, कारण त्यांच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याआधी मोजकेच दिवस येतो. कोल्हा, लांडगा, मुंगूस, तरस यांना हा नियम लावता येत नाही. ‘कोल्हा परत दिसला, जिवंत आहे’ याला अर्थ नाही. तोच कोल्हा आहे हे कोण सांगणार? मेलेला कोल्हा सापडला तर हात लावू नये, वनविभागाला १९२६ या फोन क्रमांकावर कळवावं. तपासणीसाठी डोकं बर्फात जावं लागतं. उन्हात पडून कुजलेल्या मेंदूत काही सापडत नाही.

घरचा कुत्रा रात्री कोल्ह्याशी झगडून आला असेल, तर त्याच्या अंगावरची लाळ ओली असू शकते. रबरी हातमोजे घालून साबणाने त्याला धुवावं, हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात चढवाव्यात. मग त्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावं, आधी लस टोचलेली असो वा नसो.