राष्ट्रीय फुटबॉल संघनिवडीतील वयाचा समतोल

राष्ट्रीय फुटबॉल संघ निवडताना तरुण आणि मुरलेल्या खेळाडूंची सांगड घालण्याची पद्धत. क्लबला उणीव भासली की खेळाडू विकत घेता येतो. राष्ट्रीय संघाला ती सोय नाही आणि एकत्र सरावालाही मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे आज कामी येणारा आणि चार वर्षांनी लागणारा, दोघांनाही एकाच यादीत बसवावे लागते. विश्वचषकाची यादी २००२ ते २०१८ या काळात २३ जणांची होती. २०२२ मध्ये ती २६ पर्यंत वाढली. त्यांत किमान तीन गोलरक्षक हवेतच.

संघाचे सरासरी वय हा सर्वांत फसवा आकडा आहे. दहा जण २७ वर्षांचे असोत की पाच २० चे आणि पाच ३४ चे, सरासरी तीच येते; मैदानावर मात्र ते दोन निराळे संघ असतात. म्हणून वय जागेनुसार तपासावे लागते. प्रत्येक जागेसाठी दोन नावे लिहायची. त्यांपुढे वय, हंगामात क्लबकडून प्रत्यक्ष खेळलेली मिनिटे आणि दुखापती. गोलरक्षक व मधला बचावपटू खेळ आधी ओळखून कमी झालेला वेग भरून काढू शकतात. विंगर (कडेने चढाई करणारा) आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) यांचे काम वारंवार धावण्याचे, त्यामुळे वय तिथे आधी जाणवते. १९८२ चा विश्वचषक जिंकताना इटलीच्या गोलमध्ये ४० वर्षांचा कर्णधार दिनो झॉफ होता आणि अंतिम सामन्यात बचाव फळीत १८ वर्षांचा जुझेप्पे बेर्गोमी.

एकाच बाजूला कोणाशेजारी कोण खेळणार, हेही पाहावे लागते. २०२४ च्या युरो या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेतील उपांत्य सामन्यात दानी कार्वाहाल निलंबित असल्याने स्पेनच्या उजवीकडे मागे ३८ वर्षांचा हेसुस नावास आला. त्याच्यापुढे होता १६ वर्षांचा लामिन यमाल. यमालने दुरून फटका मारून फ्रान्सशी बरोबरी साधली. नावासला मात्र समोर फ्रान्सचा वेगवान आघाडीपटू किलियन एम्बापे होता. नावासला सुरुवातीलाच पिवळे कार्ड मिळाले आणि दुसऱ्या सत्रात त्याला बाहेर बोलवावे लागले. स्पेन २–१ ने जिंकला.

नवोदिताला आधी मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची वीसेक मिनिटे, मग पात्रता फेरीत सुरुवातीपासून संधी, हा सुरक्षित क्रम. तो टाळला की जागा वाया जाते. २००६ च्या विश्वचषकाला इंग्लंडने केवळ चार आघाडीपटू नेले आणि त्यांतला एक १७ वर्षांचा थिओ वॉलकॉट, प्रीमियर लीगचा (इंग्लंडमधील सर्वोच्च क्लब स्पर्धेचा) एकही सामना न खेळलेला. वेन रूनी पायाच्या दुखापतीतून सावरत होता, स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात मायकल ओवेनचा गुडघा दुखावला. तरीही वॉलकॉटला स्पर्धेत एक मिनिटही मिळाले नाही.

उलट चूक विजेत्यांच्या हातून अधिक होते. जिंकून दिलेल्यांना वगळणे जड जाते. गतविजेता इटली २०१० च्या विश्वचषकात ३६ वर्षांच्या फाबियो कानाव्हारोच्या नेतृत्वाखाली उतरला आणि दोन गुणांसह गटात तळाला राहिला. एकदम सफाई करणे हाही उपाय नव्हे. २०१८ च्या विश्वचषकात गटातच गच्छंती झाल्यानंतर जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी मार्च २०१९ मध्ये थॉमस म्युलर, मॅट्स हुमेल्स आणि जेरोम बोआटेंग यांना एकाच वेळी संघाबाहेर ठेवले. दोन वर्षांनी युरोसाठी त्यांपैकी म्युलर आणि हुमेल्स यांना परत बोलवावे लागले.