पहाटे आंबट, दुपारी बेचव: पानफुटीचे रात्रीचे काम

उन्हाळा लागला की तोच संदेश पुन्हा मोबाइलवर फिरू लागतो: ‘कोरफड, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतात, खाटेजवळ कुंडी ठेवा.’ हे चूक आहे. वनस्पतीचा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि तो फोडायला प्रकाश लागतोच. अंधारात पिंपळ काय, कोरफड काय, ऑक्सिजन बनवत नाहीत. श्वसनासाठी उलट तो वापरतात. पण या अफवेमागे एक खरी गोष्ट आहे. कोरफड, निवडुंग, घायपात, पानफुटी यांची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतात.

पर्णरंध्र उघडले की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने वाफ बाहेर जाते. किती जाईल, ते हवेच्या कोरडेपणावर ठरते. मे महिन्यातल्या विदर्भातल्या दुपारी तापमान 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के धरली, तर हवेची बाष्पतूट, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या आणि प्रत्यक्ष असलेल्या वाफेच्या दाबातला फरक, सुमारे 7 किलोपास्कल निघते. रात्री 28 अंश आणि 40 टक्के धरली, तर सव्वादोन. हिवाळ्यात दिवस-रात्रीची तफावत पटीत मोजली तर आणखी वाढते: दुपारी 30 अंश, 35 टक्के आर्द्रतेला पावणेतीन, तर पहाटे 12 अंश, 80 टक्क्यांना जेमतेम 0.3. म्हणून एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना कापूस-सोयाबीनच्या प्रकारची पिके साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावतात, ज्वारी-मका 250 ते 300, आणि धुऱ्यावरचा घायपात 50 ते 100.

अडचण अशी की रात्री ऊन नाही, त्यामुळे साखर बनवता येत नाही. घेतलेला वायू सकाळपर्यंत साठवावा लागतो. त्यासाठी पान दिवसा जमवलेला स्टार्च फोडून फॉस्फोइनॉलपायरुवेट, म्हणजे पेप, तयार करते. पेप कार्बोक्सिलेज हे विकर (एन्झाइम) त्याला कार्बन जोडते, त्यातून मॅलिक आम्ल बनते आणि पेशीच्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीत, जमा होते. उजाडल्यावर रंध्रे मिटतात, आम्ल बाहेर येऊन फुटते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रुबिस्को हे दुसरे विकर तो पकडून साखरेच्या वाटेला लावते. दार बंद असल्याने आत हा वायू दाटतो. रुबिस्को एरवी चुकून ऑक्सिजन पकडते, ती चूकही त्यामुळे कमी होते.

खरी कमाल पुढे आहे. दिवसा सुटलेला वायू पेप कार्बोक्सिलेजने पुन्हा पकडला, तर आम्ल बनायचे, फुटायचे, पुन्हा बनायचे, आणि ऊर्जा फुकट जायची. हे का होत नाही? मॅलेट, म्हणजे पेशीतले तेच मॅलिक आम्ल, स्वतःच या विकराला आवर घालते. मग रात्री मॅलेट साठत असताना विकर थांबत कसे नाही? रात्री एक दुसरे विकर, कायनेज, त्याच्यावर फॉस्फेटचा गट चढवते. तो असेपर्यंत मॅलेटचा आवर फारसा लागू पडत नाही. पहाटेच्या सुमारास फॉस्फेट उतरतो आणि आवर पुन्हा बसतो. कायनेज कधी बनवायचे हे पेशीतले दैनिक घड्याळ ठरवते, म्हणून रोपाला सतत सारख्याच उजेडात ठेवले तरी काही दिवस ही लय चालू राहते.

या पद्धतीला मर्यादा आहे: रिक्तिकेत मावेल तेवढेच आम्ल साठते. त्यामुळे वाढ सहसा संथ असते. ड्रॅगन फ्रूटही याच पद्धतीचे. रात्री गरम राहिल्या की आम्ल कमी साठते. ‘वाळवंटी पीक आहे, कितीही ऊन सोसते’ ही जाहिरात म्हणूनच विदर्भात महागात पडते. एप्रिल-मेमध्ये फांद्या पिवळ्या पडून भाजतात, त्यांना सावलीची जाळी लागतेच.

सन 1813 मध्ये बेंजामिन हाइन यांनी भारतातल्या पानफुटीबद्दल पत्रात लिहिले होते की तिची पाने सकाळी आंबट लागतात, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू. चव घेऊ नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्याऐवजी मोजा. पानात खायचा चुना चमचाभर एक लिटर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा, वरची निवळी काठोकाठ बाटलीत भरून झाकण लावा. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. पानफुटीची पाने जोडीने समोरासमोर येतात. एक उजाडण्याआधी तोडा, दुसरे दुपारी चार वाजता. प्रत्येकाचे 10 ग्रॅम लगेच वाटून 50 मिली पाण्यात घाला, कापडातून गाळा. सुई काढलेल्या सिरिंजने निवळी एकेक मिली टाकत जा आणि प्रत्येक वेळी एक थेंब हळदीच्या कागदावर ठेवा. थेंब तांबूस झाला, म्हणजे चुन्याने रसातले आम्ल मारले, की थांबा. सकाळच्या रसाला निवळी कितीतरी जास्त लागायला हवी.

फरक दिसला नाही तर आधी पाने तपासा: कोवळी पाने रात्री फारसे आम्ल साठवत नाहीत, जून पाने घ्या. तोडलेले पान उन्हात राहिले असेल तर त्यातले आम्ल खर्ची पडलेले असते. आदला दिवस ढगाळ होता का, रात्र उकाड्याची होती का, तेही पाहा. प्रयोगाला डिसेंबर-जानेवारी चांगले. निवळीवर पांढरी साय आली असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती कमजोर झाली आहे. ताजी करा, आणि दोन्ही नमुने एकाच बाटलीतल्या निवळीने, एकाच दिवशी मोजा. निवळी डोळ्यांत उडू देऊ नका.