घरातील रंगयोजना (इंदूर)

भिंती, छत, लाकूडकाम, फरशी आणि पडद्यांचे कापड यांचे रंग एकमेकांशी व खोलीतल्या उजेडाशी जुळवून ठरवणे म्हणजे रंगयोजना. तिच्यात भिंतीचा रंग सर्वांत शेवटी ठरायला हवा, कारण भिंत पुन्हा रंगवता येते. फरशी आणि दारे बदलणे खर्चाचे काम. बहुतेक घरांत मात्र सुरुवातच शेडकार्डापासून (रंगछटांच्या पट्ट्यांच्या कार्डापासून) होते आणि गणित तिथेच चुकते.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही. डिसेंबरात तो मध्यान्हीही ४४ अंशांपर्यंतच चढतो आणि तीच खोली उन्हाने भरते. उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बहुतेक काळ निळसर, एकसारखा उजेड असतो. तिथे राखाडी रंग मलूल दिसतो, पिवळसर झाकेचा पांढरा किंवा फिका बदामी बरा. पश्चिमेच्या खोलीत उलट. संध्याकाळच्या नारिंगी उन्हात पीच किंवा केशरी भिंत डोळ्यांवर येते, फिका हिरवा शांत राहतो. राजवाड्याच्या अवतीभवतीच्या अरुंद गल्ल्यांत ऊन थेट येतच नाही, समोरच्या घरावरून उसळून येते. समोरच्याने दर्शनी भिंत पोपटी केली की आपली पांढरी भिंत दुपारी पोपटी झाक धरते. रंग निवडताना हा शेजारही हिशेबात घ्यावा लागतो.

रात्रीचा उजेड वेगळाच. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली फिका पिवळा हिरवट दिसू लागतो, तर २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्याखाली निळसर करडा मळकट. दिवे आधी ठरवावेत, रंग मागाहून.

शेडकार्डावरची पट्टी बोटभर असते. तोच रंग चार भिंतींवर चढला की समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात आणि तो ठरवला होता त्याहून भडक वाटतो; म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घेणे शहाणपणाचे. नमुना पाहायचा तो दोन फूट चौरस पुठ्ठ्यावर, रंगाचे दोन हात (थर) देऊन. पुठ्ठा खिडकीसमोर, कोपऱ्यात आणि सोफ्याच्या पाठीशी धरून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावा. जुन्या रंगाच्या भिंतीवरच लहानसा ठिपका मारून केलेला निर्णय फसतो, कारण डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करूनच पाहतो. पॅरिसच्या, भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाई पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी ही गोष्ट १८३९ मध्ये नियम म्हणून मांडली. हिरवट कोटा फरशीशेजारी गुलाबी झाकेचा पांढरा अधिकच गुलाबी दिसतो, तो याच कारणाने.

रंगांच्या प्रमाणासाठी ६०-३०-१० हा ढोबळ नियम सांगतात: मुख्य रंग साठ टक्के, जोडीचा तीस, उठावाचा दहा. उठावाच्या रंगासाठी भिंत लागतेच असे नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस उभारलेल्या माणिकबाग महालातल्या, दिवे बसवलेल्या लाल खुर्च्या प्रसिद्ध आहेत. घरातली लाल रंगाची हौस तेवढ्यानेही भागते. एक भिंत गडद करण्याची सध्याची पद्धत लांबट खोलीत आखूड भिंतीवर चालते, पण लांब भिंतीवर केली तर खोली आणखी अरुंद भासते.

जुन्या वाड्यांत सागवानी खांब व तुळया गडद आणि भिंती चुन्याच्या. तिथे झगझगीत पांढरा लाकडाला फार तोडतो. चुन्यात थोडी पिवडी (पिवळी माती) घातलेला रंग जुळतो. चुन्यात काव, पिवडी, नीळ टिकते, प्रशियन निळा टिकत नाही. अशा भिंतीवर प्लास्टिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा तयार रंग) चढवले की आतली ओल अडकते आणि पोपडे सुटतात.

नव्या घरांत अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना बारीक भेगा पडतात. गडद चकचकीत रंगात त्या लांबून दिसतात, फिक्या मॅट (बिनचमकीच्या) रंगात झाकल्या जातात. दिवाळीआधी घर रंगवून काढण्याची घाई असते, पण भिंतीत पावसाची ओल तेव्हाच असते. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवसरात्र ठेवावा. आत थेंब जमले तर थांबावे.

१२ × १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी वजा जाता सुमारे ४००. गुळगुळीत पुट्टीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण १२० चौरस फूट पुरते, म्हणजे चार लिटरचा डबा हवा. भडक पिवळा, लाल व नारिंगी झाकण्यात कमजोर असतात. त्यांना तीन-चार हात लागतात आणि हिशेब कोलमडतो. सिमेंटची पुट्टी ओलसर केलेल्या भिंतीवर दोनदा लावून, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून, मग प्राइमर (रंगाआधीचा पायाचा थर). घाईत धूळ तशीच राहिली तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. एकाहून अधिक डबे असतील तर ते एका बादलीत एकत्र ढवळावेत, नाहीतर एकाच भिंतीवर दोन छटा उमटतात.

स्वयंपाकघरात फोडणीची वाफ आणि हळद असते, देवघरात निरांजनाची काजळी. दोन्हीकडे मॅट नको, पुसता येणारा, किंचित चमकीचा साटीन फिनिश हवा. ऑइल पेंटचा पांढरा अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळा पडतो, त्यामुळे कपाटांच्या आत पाण्यात मिसळणारे इनॅमल वापरावे. डब्यावरचा शेड क्रमांक, बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) आणि फिनिश कपाटाच्या दाराआड लिहून ठेवला की पुढे डागडुजीला तोच रंग मिळतो. तरी उन्हाने विटलेल्या भिंतीवर ठिगळ दिसतेच, म्हणून दुरुस्ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीची करतात.