मूत्रमार्गाची दुरुस्ती: ‘यशस्वी’ म्हणजे नेमकं काय?

मूत्रमार्ग आकसलेला माणूस डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतो: ऑपरेशन केलं तर पुन्हा अडणार नाही ना? उत्तरात त्याला बहुतेक वेळा एक टक्केवारी मिळते. ९० टक्के यश, ८५ टक्के यश. आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या जागेच्या, किती लांबीच्या आकुंचनाचा आहे, किती वर्षं पाहून काढलाय आणि ‘यश’ कशाला म्हटलंय, हे समजल्याशिवाय रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही. या आजारात उपचाराची निवड चुकली तर वर्षानुवर्षं तीच फेरी मारावी लागते, म्हणून हे आकडे नीट वाचता यायला हवेत.

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयातून निघून तो प्रोस्टेटमधून जातो, मग लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या कड्यातून, मग वृषणांच्या मागच्या भागातून आणि शेवटी शिश्नातून बाहेर पडतो. पुढच्या भागात त्याच्याभोवती रक्ताने भरलेल्या स्पंजासारख्या ऊतींचं वेष्टन असतं. मार्गाला इजा झाली की आतल्या अस्तरावर व्रण धरतो, आणि तो वरवर न राहता या स्पंजातही उतरतो. व्रण आकसतो, मार्ग अरुंद होतो. यालाच डॉक्टर स्ट्रिक्चर म्हणतात. निरोगी मार्ग लघवी होताना आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत सहज उघडतो. तो साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत धारेत फारसा फरक जाणवत नाही, आणि त्रास जाणवू लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. धार बारीक होणं, दोन ठिकाणी फुटणं, कुंथावं लागणं, लघवीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागणं, वारंवार जंतुसंसर्ग. वय पन्नाशीच्या पुढे असलं की हे सगळं प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होतं. तिशीतला तरुण असेल तर तो लाजेपायी कुणाला सांगतच नाही.

इजा कशाने होते? पूर्वी परम्यामुळे, म्हणजे गोनोरियामुळे, बरीच आकुंचनं व्हायची. आज मोठा वाटा आपल्या दवाखान्यांतून येतो: घाईने किंवा जोर लावून घातलेली लघवीची नळी, दुर्बिणीतून केलेलं प्रोस्टेटचं ऑपरेशन. सायकलच्या दांड्यावर किंवा कठड्यावर दोन्ही पाय फाकून आदळलेला माणूस कधी कधी काही वर्षांनी हा त्रास घेऊन येतो. रस्त्यावरच्या अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलं तर मार्ग पार तुटू शकतो. लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगात आधी शिश्नाच्या टोकावर पांढरे चट्टे पडतात आणि तिथून आकुंचन आत सरकत जातं. आणि अनेक रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही.

उपचारांपैकी सर्वात जुना म्हणजे सळया घालून मार्ग रुंद करणं. दुसरा, १९७० च्या दशकात रूढ झालेला, दुर्बिणीतून पाहत व्रणाला चीर देणं. दोन्ही सोपे आहेत, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, आणि पहिल्या आठवड्यात धार इतकी चांगली येते की आजार गेला असंच वाटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या शल्यविशारदांनी १९९७ मध्ये या दोन उपायांची रीतसर तुलना प्रसिद्ध केली. दोघांत फरक निघाला नाही. वर्षभरात आकुंचन परतण्याचं प्रमाण दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड आकुंचनात सुमारे ४० टक्के होतं आणि चार सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर सुमारे ८० टक्के.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या ७६ रुग्णांचा अभ्यास आला, तो याहून निराशाजनक होता. दुर्बिणीतून पहिल्यांदा चीर दिल्यावर आजारमुक्त राहिलेले फक्त ८ टक्के. दुसऱ्या वेळी ६, तिसऱ्या वेळी ९, चौथ्या आणि पाचव्या वेळी शून्य. या दोन अभ्यासांतले रुग्ण आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याचा काळ वेगवेगळा होता, म्हणून आकडे इतके दूर पडले. दिशा मात्र एकच दिसते. कारणही समजण्यासारखं आहे. चीर देऊन व्रण निघून जात नाही, त्यात एक नवी जखम होते, आणि ती भरताना नवा व्रण तयार होतो. प्रत्येक फेरीत तो थोडा लांबतो, थोडा खोल जातो.

म्हणूनच अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की वृषणांमागच्या भागातलं, दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड, पहिल्यांदाच झालेलं आकुंचन असेल तर चीर देऊन पाहायला हरकत नाही. ते परतलं तर पुन्हा पुन्हा तेच करण्याऐवजी पुनर्रचनेचं ऑपरेशन सुचवावं. दर सहा महिन्यांनी सळई घालून घेणारे रुग्ण आपल्याकडे आजही भेटतात. त्यांना दुसरा मार्ग आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि याची मला मनापासून चीड येते.

दुसरा मार्ग म्हणजे युरेथ्रोप्लास्टी, म्हणजेच मूत्रमार्गाची पुनर्रचना. व्रण आखूड असेल तर तो भाग कापून काढून दोन्ही निरोगी टोकं जोडतात. यात दीर्घकालीन यश ९० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वर असतं. आकुंचन लांब असेल तर टोकं ओढून जोडता येत नाहीत. तसं केलं तर शिश्न आखूड किंवा वाकडं होईल. तिथे मार्ग लांबीच्या दिशेने उघडतात आणि रुंदी वाढवण्यासाठी गालाच्या आतलं अस्तर आणून शिवतात.

गालच का? हे अस्तर जन्मभर ओलं राहिलेलं असतं, त्याला केस नसतात, वरचा थर जाड आणि चिवट असतो, तर खालचा पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला. आंब्याचं कलम जसं धरावं लागतं तसंच इथेही. पहिले दोन दिवस हा तुकडा खालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, आणि त्यानंतर त्याच्या बारीक रक्तवाहिन्या तिथल्या रक्तवाहिन्यांशी जुळतात. तोवर तो हलला, त्याखाली रक्त साचलं किंवा ज्या जागेवर लावला तीच व्रणामुळे रक्तहीन असली तर तो धरत नाही. ही कल्पना नवी नाही. कीव्हमध्ये सापेझ्को या शल्यविशारदाने १८९४ मध्येच तोंडातलं अस्तर मूत्रमार्गासाठी वापरलं होतं. पण जगभर तिची खरी चलती १९९० च्या दशकात झाली. १९९६ मध्ये इटलीच्या बार्बाग्ली यांनी हा तुकडा मार्गाच्या वरच्या बाजूला, घट्ट आधार असलेल्या पृष्ठभागावर लावण्याची रीत मांडली. २००१ मध्ये आग्र्याच्या डॉ. हरी असोपा यांनी मार्ग मागून न सोडवता आतूनच तो बसवण्याची सोपी रीत दिली.

यातलं एक मोठं काम पुण्यातलं आहे. लायकेन स्क्लेरोससमध्ये कधी कधी संपूर्ण पुढचा मूत्रमार्गच आकसतो. पूर्वी अशांना दोन-तीन टप्प्यांत ऑपरेशनं करावी लागत, मधल्या काळात बसून लघवी करावी लागे. डॉ. संजय कुलकर्णी यांनी वृषणांमागच्या एकाच छेदातून शिश्न आतल्या बाजूने उलटवून, मार्ग फक्त एका बाजूने सोडवून, दोन्ही गालांतलं अस्तर एकाच वेळी लावण्याची पद्धत विकसित केली. दुसऱ्या बाजूच्या नसा आणि स्नायू जागच्या जागी राहतात, शिश्नाच्या त्वचेवर छेदही येत नाही. ही रीत आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. २०१२ मध्ये त्यांनी ११७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. आकुंचनाची सरासरी लांबी होती १४ सेंटिमीटर आणि पाठपुरावा सुमारे पाच वर्षांचा. एकूण यश ८३.७ टक्के.

त्या एका आकड्याच्या पोटात आणखी दोन आकडे आहेत, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्यांची ही पहिलीच पुनर्रचना होती त्यांच्यात यश ८६.५ टक्के, तर ज्यांची आधीची पुनर्रचना फसली होती त्यांच्यात ६१.५ टक्के. तीच पद्धत आणि तेच कुशल हात, तरी एवढी तफावत. कारण आधीच्या शस्त्रक्रियेने रक्तपुरवठा कमी केलेला असतो. ओटीपोटाचं हाड मोडून मार्ग तुटलेल्यांचंही असंच. त्यांच्या पोटातून मूत्राशयात नळी घालून सुमारे तीन महिने थांबतात, मग मधला व्रण काढून दोन्ही टोकं जोडतात. अनुभवी हातात १० पैकी साधारण ९ जण बरे होतात. फसलेल्या जोडणीची दुरुस्ती मात्र कितीतरी अवघड जाते. रुग्णाने या कामाचा सराव असलेला शल्यविशारद पहिल्याच वेळी शोधावा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी.

आता ‘यश’ या गोष्टीकडे. बरेच अभ्यास पुन्हा उपचार करावा लागला नाही म्हणजे यश, असं धरतात. काही जण दुर्बीण आत सहज जाते का ते पाहतात. दुसरी कसोटी कडक आहे, कारण दुर्बिणीला अडथळा लागतो पण रुग्णाला काहीच त्रास नाही, असे बरेच निघतात. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत परतलेलं आकुंचन असलेल्या २२२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एकाला चीर आणि दुसऱ्याला पुनर्रचना. दोन वर्षांत रुग्णांनी सांगितलेला त्रास दोन्ही गटांत साधारण सारखाच कमी झाला. फरक पडला तो पुन्हा उपचार लागण्यात: पुनर्रचना झालेल्यांत ही शक्यता जवळपास निम्मी. ज्याला मोठं ऑपरेशन नको आहे त्याचा निर्णय म्हणूनच लगेच चुकीचा ठरत नाही. मात्र फेऱ्या वाढणार हे त्याला आधी कळलं पाहिजे.

धार सुधारली तरी रुग्ण समाधानी असेलच असं नाही. लघवी झाल्यावर काही थेंब कपड्यात पडणं ही सर्वात नेहमीची तक्रार; वृषणांच्या मागून पुढे बोटाने दाबत नेलं तर अडकलेले थेंब निघून येतात. शिश्नाची ताठरता काही जणांत कमी होते आणि बहुतेकांची काही महिन्यांत पूर्ववत होते. हाड मोडलेल्यांत ती अनेकदा अपघातानेच गेलेली असते, ऑपरेशनला दोष देण्यापूर्वी हे तपासावं. स्कँडिनेव्हियात १५१ पुरुषांवर झालेल्या चाचणीत आखूड आकुंचनासाठी कापून जोडणं आणि गालाचं अस्तर लावणं या दोन रीतींत अपयशाचं प्रमाण सारखंच निघालं, पण कापून जोडलेल्यांत शिश्न आखूड वाटणं आणि ताठरतेच्या वेळी त्याचं टोक नीट न भरणं या तक्रारी जास्त होत्या. विशीतल्या रुग्णाला ही माहिती आधी मिळायलाच हवी.

गालाची जखम काही आठवड्यांत भरते. काही काळ बधिरपणा आणि तोंड उघडताना ताण राहतो. पण गुटखा आणि मावा खाणाऱ्यांच्या गालाचं अस्तर आतून ताठर, पांढुरकं झालेलं असतं आणि ते कलमाला नालायक ठरतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही असे रुग्ण येतात. मग जिभेखालचं अस्तर घ्यावं लागतं, आणि लांब आकुंचनाला ते पुरेलच असं नाही.

ऑपरेशननंतर सुमारे तीन आठवडे नळी ठेवतात. ती काढल्यावर धारेचा वेग मोजून त्याचा आलेख जपून ठेवावा, पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलनेला तोच उपयोगी पडतो. आकुंचन परतलंच तर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत परततं, आणि पुष्कळदा कलमाच्या मूत्राशयाकडच्या टोकाशी एक अरुंद कडं धरतं. एवढंच असेल तर दुर्बिणीतून एकदा चीर देऊन भागू शकतं. लायकेन स्क्लेरोसस असलेल्यांनी मात्र पाच वर्षं झाली, दहा वर्षं झाली तरी वर्षातून एकदा तपासणी चुकवू नये.