जोखमीच्या गरोदरपणातील झोप

रक्तदाबवाढ, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जुळे, खाली असलेली वार, पूर्वीचे सिझेरियन यांसारख्या कारणांनी जोखमीच्या ठरलेल्या गरोदरपणातील झोपेची प्रत आणि ती बिघडवणारे घटक. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते व अशा मातांच्या कार्डावर लाल खूण चिकटवतात.

झोपेची प्रत बहुधा पिट्सबर्ग निर्देशांक या प्रश्नावलीने (१९८९) मोजतात. त्यात ० ते २१ गुण असून ५ हून अधिक गुण म्हणजे झोप असमाधानकारक. मात्र हे मापन गरोदर स्त्रियांसाठी बेतलेले नाही. लघवीसाठी उठणेही त्यात दोष म्हणून धरले जात असल्याने हा आकडा जपून वाचावा लागतो.

कारणांपैकी पायांची शिवशिव सर्वाधिक चर्चिली गेली आहे. आडवे होताच पोटऱ्यांत वळवळ सुरू होते, पाय हलवला की थांबते, ठेवला की पुन्हा येते. बाई मध्यरात्री घरभर फेऱ्या घालते. पायांत गोळे येणे निराळे, त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. शिवशिवीच्या विकाराचे पहिले वर्णन टॉमस विलिस यांचे (१६७२ च्या सुमारास) मानतात. त्याला आजचे रूप स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये दिले. गरोदरपणात तो का बळावतो, याविषयी दोन मते आहेत. एका मताने लोहाची कमतरता हे मूळ, कारण मेंदूत डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार होण्यास लोह लागते. दुसरे मत संप्रेरकांना कारण मानते. लोहाचा साठा भरून येण्याआधीच, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, बहुतेकींचा त्रास ओसरतो, हे दुसऱ्या मताला अनुकूल आहे. तरीही रक्तातील फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासणे इष्टच. रक्तक्षय असलेल्या मातेच्या या तक्रारीला ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून सोडून देणे अयोग्य होय.

घोरणे व झोपेत श्वास अडणे यांचा रक्तदाबवाढीशी संबंध आढळतो. श्वासरोधामुळे दाब वाढतो, की रक्तदाबवाढीबरोबर येणाऱ्या सुजेने घसा अरुंद होऊन श्वास अडतो, हे वादग्रस्त आहे; दोन्ही क्रिया एकमेकींना पोसतात हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रुग्णालयात उपचारच झोप मोडतात. रक्तदाबवाढीत आकडी टाळण्यासाठी दिलेले मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास व लघवी वारंवार पाहावी लागतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या (दर १२ तासांनी ६ मिग्रॅ., एकूण ४ मात्रा) काळातही काहींना झोप लागत नाही. शिवाय बाळाची हालचाल मोजत जागणे आहेच. पूर्वी मूल गमावलेल्या मातेच्या बाबतीत ही काळजी बाकी साऱ्या कारणांहून भारी ठरू शकते.

२८ आठवड्यांनंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो, म्हणून कुशीवर झोपण्याचा सल्ला देतात. डावी कूस परंपरेने सांगितली जाते, उजवीही चालते. जाग येऊन आपण उताणे आहोत असे लक्षात आल्यास घाबरू नये, कूस बदलणे पुरेसे असते.